पित्ताशय काढल्यानंतरचे जेवण : नौपाड्यातील एका पथ्याच्या डब्याविषयी

पित्ताशयाची शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीतून होते, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतो आणि त्यानंतरची सगळी जबाबदारी घरच्या स्वयंपाकघरावर येऊन पडते. माझी ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रुग्णालयातून निघताना हाती पडलेल्या कागदावर ‘तेलकट व तिखट टाळावे, हलका आहार घ्यावा’ एवढेच छापलेले होते. हलका म्हणजे काय, हे मग ज्याने त्याने आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवायचे. आमच्या ठाण्यातील पाचपाखाडीच्या घरात ते मऊ भात, वरणाचे पाणी आणि भाजलेला पापड असे ठरले. सासूबाईंच्या मायेत काही कमी नव्हते. परंतु त्या जेवणावर उठून चार पावले टाकण्याइतकीही ताकद येईना, म्हणून चौकशी करून नौपाड्यातील एका घरगुती सेवेचा डबा सुरू केला. ही सेवा फक्त शस्त्रक्रियेतून उठलेल्या रुग्णांसाठी जेवण करते. तिला फलक नाही, एका वेळी मोजकेच रुग्ण घेतले जातात आणि माझ्या तक्रारीही आहेत, त्यामुळे नाव देत नाही. अशा डब्यात काय पाहावे, हे मात्र या अनुभवावरून सांगता येईल.

पहिली जमेची बाजू अशी की, पैसे सांगण्याआधी त्यांनी डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागितला. सेवा चालवणाऱ्या बाई स्वतः आहारशास्त्र शिकलेल्या आहेत. फोनवर त्यांनी विचारले, “ताई, ऑपरेशन दुर्बिणीनं झालं की पोट उघडून? शुगर, बीपी, किडनीचं काही आहे का? आणि पोट साफ होतंय ना?” शेवटचा प्रश्न आपल्याकडे संकोचाने टाळला जातो, पण काही वेदनाशामक गोळ्या आणि दिवसभराचे पडून राहणे यांमुळे बद्धकोष्ठ होते, आणि कुंथावे लागले की टाक्यांवर ताण येतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर हे विचारल्याशिवाय जेवण ठरवणे म्हणजे निम्मे काम सोडून देणे होय.

डबा तीन कप्प्यांचा, स्टीलचा. झाकणाखाली एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर त्या जेवणात किती तेल व किती प्रथिने आहेत, हे हाताने लिहिलेले असते. एका दुपारच्या चिठ्ठीवर ‘तेल २ छोटे चमचे, प्रथिने सुमारे २२ ग्रॅम’ असे होते. खाली दोन फुलके, मुगाची घट्ट डाळ, दुधीची भाजी, साय काढलेल्या दुधाचे दही आणि भाजीतच घातलेले थोडे पनीर. हिशेब ताडून पाहिला, तर तो पटण्यासारखा निघाला. फोडणी जिरे, आले आणि हिंगाची, मिरची नावापुरती. दुधीवर इतके मन लावून काम केलेले मी आधी पाहिले नव्हते. सामिष डब्यात एकदा पापलेटचे कालवण आले, त्यात खोबऱ्याचे वाटण नव्हते, कोकम आणि आल्यावर त्याला चव आणली होती. कोकणी घरात हे कालवण म्हणून कोणी मान्य करणार नाही, पण आजाऱ्याच्या जिभेला ते फार बरे वाटले.

प्रथिनांचा हा आग्रह हेच या सेवेचे खरे मोल आहे. निरोगी प्रौढासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, तर शस्त्रक्रियेनंतर जखम भरून यावी आणि स्नायू झिजू नयेत म्हणून आहारतज्ज्ञ साधारणपणे १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. साठ किलोच्या व्यक्तीला म्हणजे दिवसाला किमान ७२ ग्रॅम हवीत. वरणाच्या पाण्यातून ती कुठून येणार? दोन्ही वेळच्या डब्यांतून चव्वेचाळीसच्या आसपास मिळतात आणि उरलेली घरी भरून काढावी लागतात. अंड्याचा पांढरा भाग, साय काढलेले दूध आणि मूठभर फुटाणे यांनी ते बरेचसे जमते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र हा आकडा स्वतः वाढवू नये, तो डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. असे रुग्ण बाई डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय घेत नाहीत, हे मला आवडले.

“आता जन्मभर तूप बंद का?” हा सासूबाईंचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तरही या डब्यातूनच हळूहळू मिळाले. पित्त तयार करते ते यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय त्यातले थोडे साठवून, दाट करून, स्निग्ध जेवण आले की एकदम सोडते. ही साठवण गेली की पित्त आतड्यात सतत पाझरत राहते. त्यामुळे एकाच वेळी बरेच तेल-तूप पोटात गेले, तर काहींना फुगल्यासारखे वाटते किंवा जुलाब होतात. थोडे-थोडे स्निग्ध मात्र पुढे बहुतेकांना पचू लागते. डब्यातले तेल म्हणूनच कायम एका मापावर ठेवलेले नसते. सुरुवातीला एक चमचा, मग दोन, आणि एके दिवशी फुलक्यावर तुपाचा हात फिरवलेला होता. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये सुरू केली. शस्त्रक्रिया एवढी बदलली, पण घराघरांतील पथ्य अजून मोठ्या छेदाच्या काळातच अडकलेले आहे, आणि त्यात उपासमारीलाच पथ्य समजण्याची खोड आहे.

आता तक्रारी. संकष्टीच्या दिवशी मी उपवास करणार नाही, हे आधी कळवूनही डब्यात साबुदाण्याची खिचडी आली. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे स्निग्ध असते आणि या खिचडीत कूट सढळ हाताने घातलेले होते. वर साजूक तूप. त्या दिवशी चिठ्ठीही नव्हती, आणि का नव्हती हे सांगायला नको. फोन केल्यावर बाईंनी स्वयंपाकाच्या मावशी रजेवर असल्याचे सांगितले, दिलगिरी व्यक्त केली आणि संध्याकाळी मुगाची खिचडी वेगळी पाठवली. पण रुग्णाच्या डब्यात अशी चूक एकदाही परवडत नाही. ज्या रुग्णाला वाचूनही काही कळत नाही, असा एखादा वृद्ध ती खिचडी मुकाट्याने खाईल.

दुसरी अडचण वेळेची आहे. पित्ताशय नसताना दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडे खाणे सोसते. सेवेत मात्र दोनच डबे आहेत आणि दुपारचा कित्येकदा दीडनंतर पोहोचतो. दुपारचा डबा मी दोन वेळांत विभागून खात असे, पण तोवर फुलके वातड होत. मधल्या वेळेसाठी एखादी लहान डबी दिली, तर त्याचे पैसे लोक आनंदाने मोजतील.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चालण्याविषयीही दोन ओळी असतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा मागे राहून पोट आणि छाती यांमधील पडद्याला टोचतो आणि दुखते मात्र खांद्यात. त्यावर घरातल्या घरात हळूहळू चालणे हा सोपा उपाय आहे, शिवाय पोटऱ्यांची हालचाल राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो. जेवल्यावर लगेच आडवे न होता दहा मिनिटे फेऱ्या माराव्यात, इतकेच ते सुचवतात. पुढे मी कचराळी तलावाभोवती सकाळी चालू लागले. तेथील वाट सपाट आहे आणि दम लागला तर बसायला जागा मिळते. उपवन तलावावर जाण्याचा मोह मी टाळला, कारण रिक्षाचे हादरे पोटाला नको होते. सूर्यनमस्कार, पोटाचे व्यायाम आणि भरलेली बादली उचलणे यांविषयी चिठ्ठीत ‘डॉक्टरांना विचारूनच’ असे लिहिलेले असते. डबा देणाऱ्याने आपली हद्द ओळखली, हे योग्यच आहे.

किंमत साध्या घरगुती डब्याच्या सुमारे दीडपट पडते आणि स्टीलच्या डब्यांची अनामत वेगळी ठेवावी लागते. नौपाडा, पाचपाखाडी, चरई व जांभळी नाका एवढ्याच भागात डबा येतो. घोडबंदर रस्त्याकडच्या लोकांना बाई स्पष्ट नकार देतात, कारण वाहतुकीत अडकलेला डबा रुग्णाच्या कामाचा राहत नाही. ज्या घरात करणारे कोणी आहे, त्यांनी पहिले दोन आठवडे डबा घेऊन चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि मग तोच हिशेब घरी चालवावा. मी संध्याकाळचा डबा आधी बंद केला, कारण सासूबाई आता दुधी तसाच करतात. दुपारचा मात्र कामावर रुजू होईपर्यंत चालू ठेवला.