झडप बदलल्यानंतरचा व्यायाम: जळगावला न्यायचं की घरीच करायचं?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाची हृदयाची झडप बदलली आणि डॉक्टरांनी कागदावर 'कार्डियाक रिहॅब', म्हणजे हृदयाच्या उपचारानंतरचा देखरेखीखालचा व्यायाम, लिहून दिलं, की प्रश्न येतो: आठवड्यातून तीनदा सेंटरवर न्यायचं, की फिजिओकडून समजून घेऊन घरीच करायचं? आईच्या वेळी आम्ही दोन्ही केलं. वय ७६, महाधमनीची झडप पार आकसलेली, मांडीतल्या धमनीतून टावी झालेली, म्हणजे छाती न उघडता नळीतून नवी झडप बसवलेली. झडप अजून बदलायची असेल आणि चालताना चक्कर, दम किंवा छातीत दुखणं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. त्या अवस्थेत आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

आम्हाला आधी घरच पटलं. एरंडोलहून जळगावला जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो, भाड्याची गाडी परवडत नाही आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. त्यात आईला लघवीची गोळी चालू, म्हणजे उन्हात अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर यायची भीती. घरी सकाळी सहाला ओट्यासमोर चालणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं, इतकंच होतं. घड्याळातल्या नाडीवर जाऊ नका, असं फिजिओंनी बजावलं होतं. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असल्यामुळे ती फारशी वाढतच नाही. बोलता यावं पण ओवी म्हणता येऊ नये, एवढाच दम लागू द्या, म्हणाल्या. आईला हे माप लगेच कळलं.

घरचं गणित बिघडलं ते भेटायला येणाऱ्यांमुळे. संध्याकाळी आई खुर्चीतून उठायला लागली, की दारातूनच आवाज यायचा, "कसाले उठस वं जिजी, बठी ऱ्हाय." मग माझ्याकडे वळून, "हृदयाचं ऑपरेशन झालंय रे, हाल नको करू तिचे." माया खरी होती, त्यामुळे तोडून बोलता येईना. आई बसायची, चहा व्हायचा, व्यायाम राहायचा. मामा, मावशी, गल्लीतल्या बाया, रोज कुणीतरी. तीन आठवड्यांत आईच्याच मनाने घेतलं, की आपण नाजूक आहोत. पाण्याचा तांब्यासुद्धा ती बसल्या जागी मागू लागली. म्हातारपणी पायातली ताकद बसून किती झपाट्याने जाते, ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

मग जळगाव सुरू केलं. पहिल्या दिवशी हात छातीवर दुमडून अर्ध्या मिनिटात आई खुर्चीतून चारदा उठली. चौथ्या वेळी मांड्या थरथरत होत्या, माझा हात आपोआप पुढे गेला. तिथल्या मुलीने तो शांतपणे बाजूला केला. बाजूच्या खुर्चीत चोपड्याचे एक बाबा होते, बायपास आणि झडप एकदमच झालेली. छातीचं हाड जुळेपर्यंत त्यांना हाताने जोर लावायची मनाई होती, पण पाय त्यांचे चालूच. त्यांच्याकडे बघून आई पाचव्यांदा उठली. त्या हॉलमध्ये तिला कुणी 'बस' म्हटलं नाही. दोन महिन्यांनी तीच आई अर्ध्या मिनिटात दहादा उठत होती.

प्रवास सोपा नव्हता. परतताना ती गाडीत झोपून जायची. नंदुरबारकडच्या दूरच्या गावातून रोजचं येणं-जाणं मी कुणाला सुचवणार नाही. ज्या घरात माणसं कमी आणि शिस्त जास्त, तिथे घरचा व्यायाम उत्तम चालतही असेल. तरी पहिले दहा-बारा दिवस तरी सेंटरवर काढावेत, असं मला वाटतं.

सेंटर बघायला जाल तेव्हा ट्रेडमिलच्या पुढे बघा. आईला त्या पट्ट्याची शेवटपर्यंत भीती वाटली, दांडी घट्ट धरून चालायची. पायाची ताकद आणि तोल यांचा व्यायाम घेतात का, हे विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तोल आणखी महत्त्वाचा, कारण पडल्यावर रक्तस्राव लवकर आवरत नाही. आणि घरीच करणार असाल, तर व्यायामाच्या वेळी अर्धा तास दाराला कडी लावा.