‘नको’ म्हणता येईल असा योगवर्ग (गंगापूर रोड, नाशिक)

गेल्या वर्षी जूनमध्ये कसारा घाटात आमच्या गाडीला ट्रकनं मागून ठोकलं. बायकोला खरचटलं, मला मात्र दार कापून बाहेर काढावं लागलं. पाऊण तास सीटबेल्ट छातीवर आवळलेला. बरगड्या भरून आल्या, पण लिफ्टचं दार बंद झालं की घाम फुटायचा आणि रात्री दोनला दचकून जाग यायची ती यायचीच.

गोळ्या आणि समुपदेशन चालू होतं. योग करून बघा म्हणून आधी घराजवळच्या एका वर्गाला गेलो. तिथं ‘श्वास रोखा’ म्हटलं की छातीवर पुन्हा पट्टा यायचा. एकदा शवासनात डोळे मिटून पडलो होतो, तेवढ्यात शिक्षकांनी मागून येऊन खांदे दाबले. त्यांचा हेतू चांगलाच असणार. मी ओरडून उठलो आणि अनवाणीच जिना उतरलो.

त्यामुळे मुलीनं हा शनिवारचा वर्ग शोधला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. फोनवर मॅडमनी अपघाताबद्दल एक अक्षर विचारलं नाही. उपचार चालू आहेत ना, ते सोडू नका, आणि तुम्हाला बसायला कुठे बरं वाटेल, एवढंच बोलल्या. मी म्हटलं, दाराजवळ. गेलो तर दाराजवळ खुर्ची मांडलेली आणि दार अर्धं उघडं.

आम्ही सहाजण असतो, त्यात पुरुष दोन. मॅडम तासभर स्वतःच्या मॅटवरून उठत नाहीत. कुणाच्या मागे जात नाहीत, कुणाला हात लावत नाहीत. पंखा बंद करायचा तरी आधी सांगतात. आसनांची संस्कृत नावं नाहीत, ओंकार नाही. ‘वाटलं तर उजवा हात वर घ्या, अर्ध्यावर थांबलात तरी चालेल, नाही घेतलात तरी चालेल.’ श्वासाकडे लक्ष द्या असा आग्रह नाही, डोळे मिटायची सक्ती नाही. पहिले दोन शनिवार मी काहीच केलं नाही, नुसता बसून राहिलो. कुणी कारण विचारलं नाही. तिसऱ्या शनिवारी हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. घाटात, मग दवाखान्यात, माझ्या अंगाचं जे काही झालं ते मला न विचारता झालं होतं. हात कुठे थांबवायचा हे त्या दिवशी मी ठरवलं. घरी येऊन बायकोला सांगताना रडू आलं.

ही पद्धत अमेरिकेत, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधल्या, मानसिक आघातावर काम करणाऱ्या ट्रॉमा सेंटरमध्ये तयार झाली. तिच्यावरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर उपचारांनी फारसा उतार न पडलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे, आठवड्याला एक तास. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के जणी पीटीएसडीच्या (आघातानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाच्या) निकषांत बसत नव्हत्या, योग न केलेल्या दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. अभ्यास स्त्रियांचा, मग माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाचं काय, असं मी विचारलं. ‘तुम्हाला फरक पडेलच असं वचन मी देणार नाही,’ मॅडम म्हणाल्या. त्या उत्तरानं माझा विश्वास बसला.

अडचणी आहेत. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मला ते बरंच, पण गुडघे दुखणाऱ्यांना जड जाईल. लग्नसराईत खालून बँडचा दणका येतो. तो सुरू झाला की मॅडम थांबून सांगतात, ‘वरात चाललीय, थोडा वेळ आवाज येईल, बाहेर जायचं असेल तर जा.’ घाम गाळायचा असेल, वजन उतरवायचं असेल, तर इथं येऊ नका.

महिन्याचे बाराशे रुपये, चार शनिवार. मी पाच महिने जातोय. लिफ्ट अजून टाळतो, झोप मात्र आता पहाटे चारपर्यंत टिकते. जाणार असाल तर आधी फोन करा, आणि दाराजवळची खुर्ची हवी असेल तर तेव्हाच सांगा. मी आता खिडकीपाशी बसतो, ती मोकळी आहे.