चित्रांचं शनिवार वर्कशॉप : सकाळ भारी, दुपार सोडून द्या (साडेतीन स्टार)

कोथरूडमधल्या या वर्कशॉपचं पोस्टर मैत्रिणीने फॉरवर्ड केलं होतं. फी 1800 रुपये, सामान त्यांचंच, चहा-पोहे धरून. पोस्टरवर 'आर्ट थेरपी', 'हीलिंग', 'आत्मशोध' असं सगळं एकदम वाचून मी नाहीच म्हणणार होते, पण गेले काही महिने ऑफिसातून आलं की भांडी आपटल्याशिवाय चैन पडत नव्हतं, म्हटलं भांड्यांपेक्षा कागद बरा.

सकाळचं सेशन सर घेतात. मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे जुने विद्यार्थी, सत्तरीच्या आसपास असतील, बोलणं अगदी कमी. भिंतीवर मोठे कागद टेपने चिकटवलेले, खुर्ची नाहीच, उभं राहून काढायचं. दोन्ही हातांत चारकोल, म्हणजे चित्राचा कोळसा, घ्यायचा आणि नुसतं घासायचं, मनगटातून नाही, खांद्यापासून. जरा आकार यायला लागला की मागून आवाज येतो, "फूल होतंय तुमचं, मोडा ते." आता आपण सगळे शाळेत चित्रकलेची एलिमेंट्री-इंटरमिजिएट दिलेले, स्थिरचित्रातला तांब्या दोन्ही बाजूंनी सारखा नाही आला तर मार्क गेले हे डोक्यात फिट बसलेलं, त्यामुळे हात आपोआप समासाच्या आतच राहतो, बाहेर जायला खूप वेळ लागतो. पण एकदा गेला की मग काय सांगू, चारकोलची कांडी काडकन मोडली आणि मी उरलेल्या तुकड्याने कागद फाटेपर्यंत घासलं.

मग तेलकट खडू. हो, तेच शाळेतले ऑइल पेस्टल. आधी पिवळा, केशरी, गुलाबी जे हाताला लागेल ते दाबून भरायचं, त्यावर काळ्याचा जाड थर आणि मग हेअरपिनने किंवा संपलेल्या रिफिलने खरवडायचं. काळ्याखालून केशरी वर यायला लागतो ना, तेव्हा खरंच आत काहीतरी सैल होतं. नखात रंग दोन दिवस राहतो, ती तयारी ठेवा.

एक नियम मला फार आवडला, कोणी कोणाच्या चित्राला 'छान' म्हणायचं नाही. 'हे काय आहे?' असंही विचारायचं नाही. माझ्या शेजारच्या काकू खरवडता खरवडता रडायला लागल्या, सरांनी काही न विचारता त्यांच्यासाठी नवीन कागद लावून दिला, बस. शेवटी वीसेक मिनिटं आपल्याच कागदासमोर गप्प बसून राहायचं. तेव्हा सरांनी चित्रकार रझांची गोष्ट सांगितली. एस. एच. रझा लहानपणी मंडला जिल्ह्यातल्या शाळेत होते, चित्त थाऱ्यावर नसायचं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणाले. 1950 ला ते फ्रान्सला गेले, आणि पुढे अर्धं आयुष्य तिकडे काढल्यावर तोच ठिपका बिंदू होऊन त्यांच्या कॅनव्हासवर आला. अध्यात्मावर भाषण वगैरे काही नाही, एवढं सांगून सर चहा प्यायला गेले.

आता दुपार. दुपारी दुसऱ्या एक मॅडम येतात आणि छापील मंडल, म्हणजे गोल नक्षीचे कागद, वाटतात. त्यात शरीरातल्या चक्रांप्रमाणे रंग भरायचे, मूलाधार लाल, विशुद्ध निळा, रेषेबाहेर जायचं नाही. म्हणजे सकाळी जे सोडवलं ते परत बांधून ठेवायचं! वर आपलं चित्र बघून निदान करतात. मला म्हणाल्या, "तुमचा निळा जास्त आहे, तुम्ही व्यक्त होत नाही." अहो ताई, माझा लाल खडू शेजारच्यांकडे होता. तिबेटी भिक्षू कित्येक दिवस वाळूचं मंडल रचतात आणि शेवटी स्वतःच पुसून टाकतात, इथे लॅमिनेशनचे वेगळे 150 रुपये.

'थेरपी' शब्दाबद्दल पण बोलायला हवं. चित्र काढून बरं वाटतं हे खोटं नाही, अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी 2016 मध्ये 39 जणांना 45 मिनिटं मनाला येईल ते करायला दिलं, मार्कर, माती, कोलाज काहीही, आणि साधारण 75 टक्के लोकांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, खाली आलं. आधी कला शिकलेत की नाही याने फार फरक पडला नाही. पण आर्ट थेरपिस्ट हे वेगळं ट्रेनिंग असतं आणि ते इथे दोघांकडेही नाही, मी विचारलं. सर सरळ म्हणाले, "मी ड्रॉइंग मास्तर आहे." मॅडमनी विषय बदलला. झोप उडालीय, खाणं सुटलंय अशी अवस्था असेल तर आधी डॉक्टर गाठा, इथे नंतर या.

बाकी पोहे चांगले, पार्किंग शून्य, रिक्षाने या, कपडे जुनेच घाला. अर्ध्या दिवसाचा ऑप्शन आहे 1000 रुपयांत, पोस्टरवर लिहीत नाहीत, फोनवर विचारावं लागतं. तोच घ्या, आणि बुकिंग करताना सर स्वतः येणार आहेत ना तेवढं पक्कं करून घ्या.