तीन किलोवॅटचा छतावरील सौर संच : काम चोख, तक्ता अर्धवट

फोंड्यातील आमच्या घराच्या स्लॅबवर बसवलेल्या तीन किलोवॅटच्या सौर संचाला सुमारे दोन लाख रुपये खर्च आला आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांचे अनुदान वजा जाता तो सव्वा लाखाच्या आत बसला. काम चोख आहे. वायरिंग पाइपातून घेतलेले आहे आणि दुपारनंतर पडणारी माडाची सावली टाळून पॅनेल लावलेली आहेत. तक्रार आहे ती विक्री प्रतिनिधीने दाखवलेल्या तक्त्याविषयी, कारण त्यात सौर वीज 1.35 रुपये युनिट आणि अणुवीज त्याच्या कित्येक पट महाग, अशी सरळ तुलना होती.

वर्षाला साधारण 4,000 युनिट आणि घट धरून पंचवीस वर्षांत 90,000 युनिट मानले की हा आकडा निघतो खरा. मात्र त्यात गुंतवलेल्या रकमेचे व्याज नाही, मध्येच बदलावा लागणारा इन्व्हर्टर नाही आणि अनुदान तर करदात्याच्या खिशातले आहे. गंमत अशी की अणुप्रकल्पाला बुडवते ते नेमके व्याजच. तेथे इंधनाचा खर्च थोडा आणि बांधकामाचा अवाढव्य असल्याने काम रेंगाळले की विजेचा दर चढतो. फिनलंडमधील ओल्किलुओतोच्या तिसऱ्या अणुभट्टीचे काम 2005 मध्ये सुरू झाले आणि नियमित उत्पादन 2023 मध्ये. ब्रिटनने हिंकली पॉइंट सी प्रकल्पाला 2012 च्या किमतींनुसार मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटांना, 92.50 पौंड दर 35 वर्षांसाठी कबूल केला, तर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेची बोली युनिटला 1.99 रुपयांपर्यंत उतरली. नव्या उभारणीत सौर स्वस्त, याबद्दल दुमत नाही.

उभ्या असलेल्या केंद्राचा हिशेब मात्र निराळा. कारवारजवळच्या कैगा येथील पहिली अणुभट्टी 2018 अखेरपर्यंत सलग 962 दिवस चालली. आमचा संच जुलैच्या झडीत दिवसाला तीन-चार युनिटांवर येतो आणि झाड पडून लाइन गेली की, सुरक्षेच्या नियमानुसार, ऊन असूनही बंद होतो. नेट मीटरिंगमुळे दुपारचे युनिट रात्री परत मिळते, पण ती सोय पुरवण्याचा भार ग्रिडवर पडतो आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. बॅटरी घेतली तर तोच आपल्या माथी येतो.

सावली नसलेला स्लॅब आणि महिन्याला तीनशेच्या आसपास युनिटांचा वापर असेल, तर संच जरूर घ्यावा. कंपनीकडून जून ते सप्टेंबरच्या उत्पादनाचा अंदाज मात्र वेगळा लिहून घ्यावा.