वृद्धाश्रमातला पहिला महिना: काटा, टेप की ताट?

आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरलं की आपण खोली बघतो, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का बघतो. 'वजन कधी करता?' हे विचारायचं राहूनच जातं. विचारलंच तर 'महिन्याला, डॉक्टर येतात तेव्हा' असं उत्तर मिळतं. रुळलेल्या माणसाला ते चालेल, नव्याला नाही. जेवणाची वेळ बदलते, आमटीची चव बदलते आणि पहिल्या काही आठवड्यांतच अंग उतरायला लागतं. महिन्यात ५ टक्के घट धोक्याची मानतात. ४८ किलोच्या बाईचे ते जेमतेम २.४ किलो, म्हणजे नजरेला कळणारही नाहीत.

म्हणून काटा हवाच: आल्या दिवशी, मग चार आठवडे दर आठवड्याला. काटा तोच, सकाळची वेळ तीच, कपडेही तसेच. माझ्या सासूबाईंचं पहिलं वजन नऊवारी, स्वेटर, शाल यांसकट झालं आणि दुसरं नुसत्या गाऊनवर. आकडा एकदम उतरलेला दिसला आणि घरात नुसती धावपळ! पायांवर सूज असेल तर उलटं होतं, अंग झडत असूनही आकडा जागचा हलत नाही.

उभं राहता येत नसेल तर शिंप्याची टेप. म्हाताऱ्या माणसांचं पोषण तपासणाऱ्या एमएनए नावाच्या छोट्या प्रश्नावलीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढता येत नसेल तर पोटरीचा घेर धरतात. ३१ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर त्या प्रश्नाचे गुण मिळत नाहीत. सहा प्रश्न, १४ गुण. ८ ते ११ म्हणजे कुपोषणाचा धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषणच. आल्या आल्या एकदा करून घ्यावं. पण दर आठवड्याची हालचाल टेपवर दिसत नाही, आणि सुजेला तीही फसते.

राहिली ताटाची वही, म्हणजे ताटातलं किती खाल्लं याची रोजची नोंद. ती लिहायला माणूस लागतो, म्हणून ती फार ठिकाणी नसते. नुसतं 'जेवल्या' लिहिलेलं काही कामाचं नाही. पाव, अर्धं, पाऊण असं हवं. सासूबाईंच्या वहीत तीन दिवस एकच ओळ होती: 'भात खाल्ला, पोळी परत.' कवळी घरीच, स्टीलच्या डबीत राहिली होती! हे आम्हाला काट्यावरून कधी कळलं असतं?

बसून वजन करायचा चकचकीत खुर्चीकाटा पण महिन्याला वजन करणारी जागा, आणि साधा काटा पण वही लिहिणाऱ्या मावशी असलेली जागा, यांत मी दुसरी घेईन. आठवड्याचं वजन तेवढं आधीच कबूल करून घेईन, आणि दोन किलो उतरले तर फोन कोण करणार, हेही.