चीक तपासायला काय घ्यावं: कोलोस्ट्रोमीटर की ब्रिक्स मीटर?

गोठ्यात चार-सहा संकरित गाई झाल्या की हा प्रश्न येतोच. चीक दाट आणि पिवळाधमक दिसला म्हणजे चांगला, हा अंदाज दरवेळी खरा ठरत नाही. गाईच्या पोटात असताना वासराला वारेतून प्रतिपिंडं मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर. त्यात लिटरमागे निदान 50 ग्रॅम आयजीजी, म्हणजे चिकातली मुख्य प्रतिपिंडं, आहेत का, एवढंच दोन्ही उपकरणांना विचारायचं.

कोलोस्ट्रोमीटर हा दुधाची घनता बघायच्या लॅक्टोमीटरचाच भाऊ. उंच नळीत चीक भरायचा, त्यात रंगीत पट्ट्यांची तरंगती काच सोडायची. हिरव्या पट्ट्यावर थांबली तर बिनधास्त पाजा; पिवळा म्हणजे बेताचा, लाल म्हणजे नकोच. गड्यालाही सांगावं लागत नाही. हा गुण मोठा, आणि दुसऱ्याकडे तो नाही.

पण त्याचं माप 20-22 अंशांवर बसवलेलं, आणि धारेचा चीक 38 अंशांच्या आसपास. गरम चिकात काच खोल जाते, चांगला चीकही पिवळ्यात दिसतो. फ्रिजमधला थंड चीक उलटं फसवतो, हलका असून हिरवा दाखवतो. आता गाय रात्री दोनला व्यायली, तर चिकाचं भांडं पाण्यात ठेवून बसायचं. वर फेस आलेला, तो बसेपर्यंत आकडाही दिसत नाही. वासरू तोवर धडपडत उठून आचळ शोधायला लागतं. मग तोच चीक पाजायला पुन्हा कोमट करा! मे महिन्यात तर टाकीतलं पाणीच 20 अंशांचं नसतं. तासागणिक वासराच्या आतड्याची प्रतिपिंडं शोषायची ताकद घटत असताना हे थांबणं मला काही पटेना.

ब्रिक्स मीटर म्हणजे द्राक्षवाले गोडी बघतात तेच, 0 ते 32 चं. तासगाव-नाशिककडे शेजारीच सापडेल. काचेवर दोन थेंब, झाकण दाबायचं, अर्धा मिनिट थांबायचं. तेवढ्यात थेंब काचेच्या तापमानाला येतात. मोबाईलच्या उजेडाकडे धरून बघायचं. रेघ 22 वर किंवा त्यापुढे असली की काम झालं. स्निग्धांश जास्त असला की आत दिसणाऱ्या निळ्या-पांढऱ्या भागांमधली ही रेघ धूसर दिसते, 21 की 23 कळत नाही. मी खालचा आकडा धरतो. चीक काचेवर वाळला की चिवट बसतो, म्हणून लगेच ओल्या मऊ कापडाने पुसावं. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्य जुळवून घ्यावं.

घरात कोलोस्ट्रोमीटर असेल आणि थंडीत, दिवसाउजेडी गाई वीत असतील, तर त्यावरही भागेल. नव्याने घेणाऱ्याने मात्र, माझ्या मते, ब्रिक्स मीटरच बघावं, तेही तापमान आपोआप जुळवणारं. डिजिटलमध्ये धूसर रेघेची कटकट नाही, पण लहान गोठ्याला तो खर्च कितपत परवडेल, ज्याचं त्याने ठरवावं. 22 च्या खालचा चीक वाया जात नाही, खरवस होतोच. वासरासाठी चांगल्या चिकाच्या एक-दोन बाटल्या फ्रीझरमध्ये असू द्याव्यात.