पवना की भंडारदरा? लहान मुलांसह तंबूतला पहिला मुक्काम

मुलं दोन ते सात वर्षांची असतील आणि डोंगरात तंबूत राहायची ही पहिलीच वेळ असेल, तर मुंबई-पुण्याच्या घरांत बहुधा ही दोनच नावं निघतात. फोटो दोन्हीकडचे छान येतात, त्यामुळे फोटो पाहून काही ठरत नाही. दोन प्रश्न विचारा: रात्री मूल आजारी पडलं तर गाडी काढून किती वेळात डॉक्टरांपर्यंत पोचाल? आणि मूल रात्री झोपेल का? पहिल्या प्रश्नात पवना सरस आहे, दुसऱ्यात भंडारदरा. चार वर्षांखालचं मूल आणि एकच रात्र असेल तर आम्ही पवना सांगू. मुलं पाचच्या पुढची असतील आणि हाताशी दोन रात्री असतील तर बेलाशक भंडारदरा.

पुण्याहून पवनेला दीड-दोन तास लागतात, मुंबईहून तीनेक तास. शनिवारी लोणावळ्यातून दुधिवरे खिंडीच्या रस्त्याने जाऊ नका. गर्दीत वेळ जातो आणि वळणांवर मुलांना उलट्या होतात. कामशेतहून पवनानगरला उतरणारा रस्ता सोपा आहे. मोठी रुग्णालयं तळेगावच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे रात्री रिकाम्या रस्त्याने तासाभराच्या आत. भंडारदऱ्याला मुंबईहून कसारा-घोटी-बारी मार्गे चार तास धरा. पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर मार्गेही तेवढेच, किंवा थोडे जास्त. जवळचं ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे, त्याहून मोठी सोय हवी तर घोटी-नाशिककडे जावं लागतं. रतनवाडीच्या बाजूला मुक्काम असेल तर जलाशयाला वळसा घालून धरणाजवळच्या शेंडी गावाला येण्यातच पाऊण तास जातो, आणि तिकडे मोबाइलची रेंजही भरवशाची नाही. १०८ ला फोन नेमका कुठे उभं राहून लागतो, ते उजेड असतानाच तंबूच्या मालकाला विचारून ठेवा. नाशिककरांसाठी मात्र सगळं गणित उलटं आहे. त्यांना भंडारदरा दोन तासांच्या आत आहे, त्यांनी पवनेचा विचारच करू नये.

आता झोप. पवनेच्या काठावर ठाकुरसईपासून पुढे कॅम्पला कॅम्प लागून आहेत. शनिवारी रात्री एकाचे स्पीकर बंद झाले तरी शेजारच्याचे चालू असतात, आणि तंबूचं कापड आवाज अडवत नाही. म्हणून पवनेला रविवार किंवा मधला वार घ्या. आगाऊ पैसे देण्याआधी विचारा, "शेजारी किती अंतरावर कॅम्प आहे?" जेवणाचंही तेच. बार्बेक्यू आणि शेकोटी उरकून ताट यायला साडेनऊ वाजतात, तोवर मूल उपाशीपोटी पेंगलेलं असतं. सात वाजता वरणभात मिळेल, असं कबूल करून घ्या. रतनवाडीला गावातल्या घरून जेवण येतं. तिथे वेळ पाळली जाते, फक्त मुलांसाठी बिनतिखट भाजी आधी सांगावी लागते.

पाण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच आहे, आणि तो खरा आहे. दोन्ही धरणांचे जलाशय आहेत. दिवाळीनंतर पाणी उतरत जातं तसा काठ उघडा पडतो, वरून वाळलेला दिसतो पण खाली गाळ असतो. पुढे तळ एकदम खोल जातो. मुलांना पावलंही बुडवू देऊ नका. तंबू काठापासून निदान पन्नास-साठ पावलं वर घ्या. पहाटेची थंड हवा आणि दव पाण्यालगत साचतं, त्यामुळे वरचा तंबू कोरडा राहतो आणि ऊबदारही.

थंडीत दोन्हींमध्ये मोठा फरक पडतो. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला पहाटे पारा दहा अंशांखाली जातो, पवना त्यामानाने सौम्य. मुलांना गारठा अंगावरच्या पांघरुणातून येतो त्याहून जास्त जमिनीतून येतो. म्हणून तीन ब्लँकेटं वर घालण्यापेक्षा खाली नीट अंथरा. सगळ्यात खाली ताडपत्री, पण तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान. बाहेर डोकावली तर दवाचं पाणी तिच्यावर साचून तंबूखाली शिरतं. आत फोमच्या मॅटचे दोन थर, त्यावर सतरंजी, मग गोधडी. नुसती हवेची गादी घेऊ नका, तिच्यातली हवा गार पडते आणि मूल रात्रभर कुडकुडतं. झोपवण्याआधी बनियन-मोज्यांसकट सगळे कपडे बदला. दिवसभर पळून घामेजलेले कपडे दोन तासांत गार पडतात. कानटोपी हवीच, पण तोंडावर पांघरूण नको. तंबूची वरची जाळी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे थेंब गळतात. शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जातो.

स्वतःचा तंबू नेणार असाल तर 'चार माणसांचा' म्हणजे दोन मोठे आणि दोन मुलं, एवढंच धरा. सोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या मुरमात वाकतात. वीतभर लांबीच्या लोखंडी खुंट्या आणि हातोडी न्या. खाली कातळ लागला तर दोरी धोंड्याला बांधा. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या की अंधारात मुलं अडखळत नाहीत. बूट आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला, विंचवांचा भाग आहे. अंधारात बाहेर पडताना मुलाच्या पायापुढे टॉर्च हवा, कारण खडकाळ माळावर फुरसं हा विषारी साप असतो आणि तो सहज दिसत नाही.

दिवसा काय करायचं, तर पवनेला लोहगड. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते आणि पायऱ्या पाच वर्षांचं मूल स्वतः चढतं. २०२५ मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आठच्या आत पोचा. भंडारदऱ्याला रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, त्याची पुष्करणी आणि विल्सन धरण पाहण्यात एक दिवस निवांत जातो. पुष्करणीच्या पायऱ्यांवर मुलाचा हात सोडू नका. रतनगड आणि कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, सांधण दरीत धोंडे आणि पाणी. ही तिन्ही ठिकाणं या वयासाठी नाहीत.

महिना फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा घ्या, थंडी सरलेली असते आणि ऊन अजून चढलेलं नसतं. मेअखेरीस काजवे पाहायला भंडारदऱ्याला जाण्याचा मोह होईल. तेव्हा वळवाचा वारा तंबू उपटून नेतो, म्हणून लहान मुलांसह गेलात तर मुक्काम पक्क्या खोलीतच करा. कधीही गेलात तरी शेकोटी पाणी ओतून, काठीने ढवळून पूर्ण विझवा. राखेखालचे निखारे सकाळपर्यंत तापलेले राहतात, आणि मूल उठल्या उठल्या अनवाणी तिकडेच धावतं.